रस्त्यात लावलेला बावटा

विश्राम तांडेल किनाऱ्यावरचं दांडी गाव सोडून सरावलीला राहायला आले ते चाळीस पावलांसाठी. ही पावलं मी स्वतः मोजलेली आहेत. रविवारी सकाळी, रस्ता त्यातल्या त्यात रिकामा असताना. तरीसुद्धा एकोणिसाव्या पावलाला एका मोटारसायकलवाल्याने माझ्या मातोश्रींची आठवण काढली, आणि मला परत पहिल्यापासून मोजावं लागलं. अलीकडे गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या लेकीची, रुचिताची, खोली. पलीकडे शाळेचं फाटक. आणि मध्ये आमचा रस्ता.

आमच्या रस्त्यावरून काय जात नाही ते सांगणं सोपं. विमान जात नाही. बाकी टँकर, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, दहा माणसं भरलेल्या सहा आसनी रिक्षा, आणि पाळी गाठायला निघालेली, पाच मिनिटं उशीर झालेली तरुण मंडळी. बोईसरच्या कारखान्यांत माणूस वेळेवर पोचला असेल, तर तो रस्त्यात कुणालातरी घाबरवून आलेला आहे असं खुशाल समजावं.

रुचिता एका कंपनीत पॅकिंगला. तिचा नवरा सुजीत दुसऱ्या कंपनीत ऑपरेटर, त्याची पाळी दर आठवड्याला बदलणारी. दोघांची मुलगी रिद्धी दुसरीत. पहिलीत असताना शेजारची बाई तिला शाळेत सोडायची, ती बाई गावी गेली. आता साडेदहाच्या शाळेला रिद्धीला पलीकडे कोण नेणार? रुचिताने बापाला फोन केला.

"बाबा, नायतर मला कंपनी सोडायला लागेल. नायतर हिला दांडीला पाठवते, तिथल्या शाळेत."

"कंपनी कशाला सोडतेस? आणि पोरीला आईबापापासून लांब कशाला?" विश्रामकाका म्हणाले. "मी येतो. पोर पल्याड न्यायचं काम माझं."

चाळीस वर्षं त्यांनी समुद्रात काढली होती. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. आठ माणसांचा जीव ज्याच्या एका हुकमावर, तो. गुडघ्यांनी संप केल्यापासून होडी पुतण्याकडे गेली आणि ते किनाऱ्यावर बसून इतरांच्या होड्यांना नावं ठेवत. त्यांची बायको चंद्रकांताकाकी बोंबील वाळवता वाळवता त्यांना नावं ठेवी. त्यामुळे सरावलीच्या बोलावण्याने दोघांचीही सोय झाली.

पहिल्या दिवशी देवूच्या टपरीवर चहा पीत मी ते दृश्य पाहिलं. (मी तिथे रोज असतो. निवृत्त माणसाने कुठेतरी हजेरी लावलीच पाहिजे.) अंगात पांढरा सदरा, डोक्याला कोळ्याची लाल टोपी, आणि बोटाला रिद्धी. दहा वाजून पाच मिनिटांनी दोघं रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. दहा पंचवीसला तिथेच होते.

"आजा, चल ना."

"थांब. ओहोटी लागू दे."

"काय?"

"गाड्या कमी होऊ देत. भरती आली की ओहोटी येतेच."

रिद्धीने आजोबांकडे बघितलं. वयाने मोठ्या पण अनुभवाने लहान माणसाकडे बघतात तसं. मग तिने त्यांना रस्त्याचं शास्त्र समजावून सांगितलं. ते ऐकून माझा चहा निवला.

"आजा, थांबायचं नसतं, घुसायचं असतं. हात असा पुढं धरायचा. आणि ड्रायव्हरकडं बघायचं नाय. आपण बघितलं ना, की त्याला समजतं आपल्याला तो दिसला. मग तो थांबत नाय. नाय बघितलं तर घाबरतो."

"आणि घाबरला नाय तर?"

"तर आपण पळायचं," रिद्धी म्हणाली, आणि घुसली. विश्रामकाका तिच्या हाताला लोंबकळत पलीकडे गेले. परत येताना एकटे होते, त्यामुळे त्यांना अर्धा तास लागला. मग येऊन टपरीच्या बाकड्यावर बसले.

"वादळात होडी आणलीय मी," ते मला म्हणाले, "पण दर्याला एक रीत हाय. लाट येनार ते आधी दिसतं. हितं लाट हॉर्न वाजवून पाठीमागून येते."

फोनवर काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "गुजरातपर्यंत जाऊन यायचे ना तुमी? आता नातीच्या हाताला धरून रस्ता ओलांडता! गावात सांगू नका कुनाला. मीच सांगते."

महिनाभरात ते शिकले. बऱ्यापैकी शिकले. गल्लीतली बाकीची पोरंही त्यांच्याभोवती जमू लागली. चौथीतली चारुता, पहिलीतला मितेश, अशी दहा-बाराजणं. आयांनी बघितलं की तांडेल आहेत, आणि आया निश्चिंत होऊन कामावर गेल्या. एका नातीसाठी आलेला माणूस बारा पोरांचा तांडेल झाला, तेही कुणी न विचारता. आपल्याकडे जबाबदाऱ्या अशाच वाटल्या जातात. जो उभा असेल त्याला.

रोज एकदा तरी कुणीतरी पोर गाडीखाली येता येता वाचायचं. विश्रामकाकांची झोप उडाली. मुख्याध्यापिका प्रियदर्शिनीबाईंना बरोबर घेऊन ते रस्त्यांचं बघणाऱ्या सरकारी कचेरीत गेले, मीही गेलो. गतिरोधक हवा, निदान पांढरे पट्टे हवेत, असा अर्ज बाईंनी सुंदर अक्षरात लिहिला होता. तिथले दिनानाथ नावाचे कारकून सज्जन होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, हेच मुळात धक्कादायक होतं.

"या जागेवर अपघाताची नोंद आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या. "एकही नाही."

दिनानाथांचा चेहरा पडला. "मग कठीण आहे. नोंद असेल तर जागा धोकादायक ठरते. ठरली तर पाहणी. पाहणी झाली तर मंजुरी."

"म्हंजे पोर मेलं की बांधनार?" विश्रामकाकांनी विचारलं.

"तसं नाही हो काका. जखमी झालं तरी चालतं," दिनानाथ कळकळीने म्हणाले. आणि आपण काय बोललो ते ऐकू आल्यावर त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

त्या शनिवारी विश्रामकाका दांडीला गेले आणि सोमवारी येताना बावटा घेऊन आले.

समुद्रात जाळं टाकलं की त्याच्या टोकाला तरंगती बोया सोडतात, तिच्यावर उभी काठी आणि काठीला काळं फडकं. हा बावटा. तो दिसला की येणारी होडी वाट बदलते. मग ती दांडीची असो, घिवलीची असो की पार परक्या मुलखातली. तांडेलांचं एकमेकांशी भांडण असेल, बोलणं बंद असेल, तरी बावट्यावरून होडी कुणी घालत नाही. खाली दुसऱ्याचं पोट पसरलेलं आहे, एवढं त्या फडक्यावरून कळतं.

विश्रामकाकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतलं, त्यात काठी रोवली, आणि मुलं जिथे थांबतात त्यासमोर, रस्त्यात पाच हात आत, तो डबा ठेवला. काळं फडकं वाऱ्यावर फडफडलं.

"वाट सोडतील?" मी विचारलं.

"बावटा हाय," ते म्हणाले. पुढे काही सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

आणि काय सांगू, गाड्या हळू झाल्या! टँकर लांबून ब्रेक मारत आला. कंपनीची बस थबकली. एक मोटारसायकलवाला चक्क पाय टेकून थांबला. विश्रामकाकांनी हात वर केला आणि बारा पोरं बदकांसारखी पलीकडे चालत गेली. चालत! त्या रस्त्यावर मुलं चालत गेलेली मी प्रथमच पाहिली. देवूने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि टपरीला कडेने काळं फडकं लावू का म्हणून विचारू लागला. मी बोललो, "काका, तुम्ही दर्याची रीत रस्त्यावर आणलीत." असं सुंदर वाक्य सुचल्याबद्दल मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

सात-आठ दिवस असे गेले. नवव्या की दहाव्या दिवसापासून ब्रेक जरा कमी वाजू लागले. आमच्या ते ध्यानात आलं नाही. खरं म्हणजे माझ्या आलं होतं. गाड्या बावट्यासमोर पूर्वीसारख्या थबकत नव्हत्या, लांबूनच वळत होत्या, आणि वेगात जात होत्या. मला वाटलं, सवय झाली, ओळखीच्या झाल्या. माणूस चांगली बातमी एकदा ऐकली की तिची चौकशी करत नाही.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला मुलं कडेला उभी होती. रिद्धी पुढे होती, कारण ती तांडेलाची नात. एक टेम्पो बोईसरकडून आला. बावटा बघून त्याने वळण घेतलं. बाहेरून जावं तर समोरून कंटेनर येत होता, म्हणून तो आतून, कडेकडून गेला. बावटा आणि मुलं यांच्यामधून. विश्रामकाकांनी दोन्ही हात पसरून मुलांना मागे लोटलं. टेम्पो गेला. त्याच्या मागोमाग, त्याच्याच वाटेने, एक मोटारसायकल आली. ती घसरली, आणि तिचं चाक रिद्धीच्या डाव्या पावलावरून गेलं.

आवाज मोठा झाला नाही. रिद्धीही लगेच रडली नाही. ती बुटाकडे बघत राहिली.

मोटारसायकलवर केदार नावाचा फिटर होता. बावीस-तेवीस वर्षांचा. त्याचंही कोपर सोललं होतं. त्यानेच पोरीला उचललं, रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. विश्रामकाका आणि मी मागच्या रिक्षातून गेलो. पावलाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, भरून येईल.

केदार बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. विश्रामकाका त्याच्याशेजारी बसले. त्यांना त्याच्यावर ओरडायचं होतं, हे मला दिसत होतं. पण त्याच्या कोपराचं रक्त बघून त्यांनी आधी रुमाल दिला.

"काका, आईशप्पथ, मुद्दाम नाही," तो म्हणाला. "तो खड्डा आहे ना तिथे..."

"कुठला खड्डा?"

"तो, काळं फडकं लावलंय तो. पंधरा दिवस झाले, अजून बुजवला नाही कुणी. आधी आम्ही सगळे ब्रेक मारायचो, केवढा आहे ते कळेना. मग समजलं, डावीकडून घेतली की गाडी आरामात निघते. आता सगळे तिकडूनच घेतात. कंपनीच्या ग्रुपवर पण टाकलंय कुणीतरी, डावीकडून घ्या म्हणून."

आमच्याकडे रस्त्यात काठी, झाडाची फांदी किंवा फडकं दिसलं की त्याचा अर्थ एकच, हे मला जन्मापासून माहीत होतं. पन्नास वेळा मी स्वतः अशा फांदीला वळसा घातला आहे. पण तांडेलाच्या त्या टोपीकडे बघून मलाही तो बावटाच दिसला होता. दहा दिवस गाड्या थांबल्या त्या पोरांसाठी नव्हत्या. पोराला बघून कुणी ब्रेक मारत नाही. खड्ड्याला मारतात, खड्ड्याने गाडीचं नुकसान होतं. आणि एकदा वाट सापडल्यावर, ती वाट नेमकी पोरं उभी राहतात तिथून होती.

"खड्डा नाय तिथं," शेवटी विश्रामकाका म्हणाले. "तो माझा बावटा."

केदारला बावटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो मूळचा घाटावरचा. त्याला समजावून सांगण्याचं काम माझ्यावर आलं. आयुष्यात इतकं वाईट भाषण मी केलेलं नाही.

संध्याकाळी रुचिता कंपनीच्या कपड्यांतच दवाखान्यात आली. बापाने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने पोरीच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी सोडते कंपनी."

"दीड-दोन महिने रजा घे," विश्रामकाका म्हणाले. "तोवर मी करतो कायतरी."

"काय करणार बाबा तुमी?"

सुजीतने व्हॅनवाल्याला विचारून पाहिलं. तो हसायला लागला. "समोरच तर शाळा आहे तुमची! चाळीस पावलांसाठी व्हॅन? नाक्यापर्यंत जाऊन फिरवून आणायला लागेल, तोवर बाकीच्यांची शाळा भरेल."

प्रियदर्शिनीबाईंनी मात्र अर्ज पुन्हा काढला. आता नोंद होणार होती, म्हणजे जागा धोकादायक ठरणार होती. अपघात कसा झाला, त्याचं कारण काय, असा एक रकाना भरायचा होता. बाईंनी लिहिलं, 'वाहनांचा अतिवेग.'

"बावट्याचं पन लिवा," विश्रामकाका म्हणाले.

"काका, ते राहू द्या," मी म्हणालो. "वेग होताच की. खोटं काय त्यात?"

"खोटं नाय, पन अर्धं हाय. त्या केदारला पोलिसात बोलावलंय. मी अर्धंच सांगितलं तर बाकीचं सगळं त्याच्या डोक्यावर जाईल. त्याचीपन आई हाय कुठंतरी."

बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, पेन उचललं आणि लिहिलं. केदार दंड भरून सुटला. विश्रामकाकांना समज देऊन सोडलं. बावटा, डब्यासकट, जप्त झाला.

महिन्याभराने आम्ही पुन्हा दिनानाथांसमोर बसलो. त्यांनी फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"नोंद झाली आहे," ते म्हणाले. "पण कारणात लिहिलंय, रस्त्यातला अनधिकृत अडथळा. तो अडथळा आता काढलेला आहे. त्यामुळे वरून शेरा आलाय, कारण दूर झालं, वेगळ्या उपायाची गरज दिसत नाही."

"आणि गाड्या?" बाईंनी विचारलं.

दिनानाथांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांची मुलगीही पाचवीत आहे, असं ते जाता जाता बोलले. तिला ते स्वतः सोडतात. मोटारसायकलवरून, पावणेदहाला, कारण दहाला कचेरी गाठायची असते.

प्लास्टर निघालं. रिद्धी आधी जरा लंगडली, मग लंगडणं विसरली. रुचिताची रजा संपली होती. रविवारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने बापाला विचारलं, "उद्या नेणार ना? की मी राजीनामा लिहू?"

"नेनार," विश्रामकाका म्हणाले. "पन ती म्हनते तसं घुसनार नाय. रस्ता पुरा मोकळा झाल्याबिगर पाऊल टाकनार नाय. मग किती वाजायचे ते वाजू देत."

"शब्द?"

"शब्द."

सोमवारी ते नऊ पन्नासलाच गल्लीच्या तोंडाशी आले. मागच्या खेपेपेक्षा दोन हात मागे, भिंतीला टेकून. बाकीची पोरंही आली. आयांना दुसरा कोण होता? मी टपरीवरून उठून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. माझा काही उपयोग नव्हता, पण चहाही गोड लागत नव्हता.

दहा वाजले. रस्ता मोकळा झाला नाही. एकदा डावीकडून मोकळा झाला तेव्हा उजवीकडून कंटेनर होता. उजवीकडचा गेला तेव्हा डावीकडून कंपनीची बस. विश्रामकाकांनी दोनदा पाऊल उचललं आणि दोनदा मागे घेतलं. मितेश म्हणाला, "आजा, आता होती ना जागा!" काकांनी मान हलवली. जागा होती. मोकळा नव्हता.

साडेदहाला पलीकडे घंटा झाली आणि प्रार्थना सुरू झाली.

"आजा, उभं राहायला लागतं," चारुता म्हणाली. चौथीत असल्यामुळे शिस्त तिच्याकडे.

"उभीच हाव ना सगळी?"

"तसं नाय. सरळ. आणि टोपी काढा."

पोरांनी दप्तरं खाली ठेवली, रांग केली, हात जोडले आणि अलीकडून म्हणू लागली. विश्रामकाकांनी एका हाताने टोपी काढून काखेत धरली. दुसऱ्या हातात रिद्धीचा हात होता. टँकर जाई तेव्हा पलीकडची चाल बुडून जाई. गेला की पोरं ऐकत, तिकडे कुठपर्यंत आलंय, आणि मधलं कडवं सोडून तिथून उचलत. शेवटची ओळ दोन्हीकडे एकदमच संपली.

मग प्रियदर्शिनीबाई फाटकात आल्या, हातात हजेरीचं पुस्तक घेऊन. त्यांनी कपाळावर हात धरून आमच्याकडे पाहिलं. मोजलं. मग एकेक नाव घेऊन हाक मारायला लागल्या, आणि अलीकडून एकेक हात वर होऊ लागला. मितेश. चारुता. रिद्धीचं नाव आलं तेव्हा मध्ये टँकर होता. तो गेला तर बाई कानाला हात लावून उभ्या.

"हजर!" रिद्धी ओरडली. तिचा उजवा हात आजोबांनी सोडला नव्हता, म्हणून तिने डावा वर केला.

तेवढ्यात दुसरा टँकर आला.